नथ कोणी चोरली?

“हे पुस्तक मी मागेन? मी?” तांबडगडचे भैरोजीराजे इतके हसले, की तोंडातला विडा शालीवर सांडला!

समोर येसू कासारीण उभी होती. दारोदार बांगड्या भरणारी बाई, आणि पठ्ठीनं चक्क पुस्तक लिहिलं होतं! नाव ‘नथीची चोरी’. छापखान्यातून बैलगाडी भरून प्रती आणल्या, पण एक हलेल तर शपथ! नव्या माणसाचं पुस्तक घेतो कोण? म्हणून बिचारी दरबारात आली होती.

“महाराज, आज कासारीण लिहिते, उद्या हत्तीचा माहूत लिहील!” दरबारचे कवी मोरेश्वरशास्त्री कडाडले. “मग आम्ही काय हत्ती धुवायचे?”

राजांना चेव चढला. “ऐक येसू! दिवाळीच्या आत, भरदरबारात, मी माझ्या तोंडानं तुझं पुस्तक मागितलं पाहिजे. दवंडी पिटायची नाही. पुस्तक चांगलं आहे असं तू म्हणायचं नाही, कुणाकडून म्हणवून घ्यायचं नाही. तोवर तुझी गाडी आमच्या कोठीत, कुलपात! जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं, तर नरकचतुर्दशीला सगळ्या प्रती बंबात! आंघोळीचं पाणी झकास तापेल!”

काचेनं कापलेल्या बोटांनी येसूनं लिहिलेलं पुस्तक ते! जीव होता तिचा त्यात. पण डोळ्यांतलं पाणी तिनं डोळ्यांतच ठेवलं.

“बांगड्या भरताना बायकांशी बोललं तर चालेल ना, महाराज?”

“खुशाल बोल! बायकांच्या गप्पांनी कधी राज्य हललंय?”

“बरं,” येसू म्हणाली आणि टोपली उचलून चालू लागली.

दिवाळी तोंडावर आली की तांबडगडात घरोघरी नव्या बांगड्या भरतात. आता बांगड्या भरून घेणारीचे हात कासारणीच्या हातात. उठून जाता येत नाही, काम करता येत नाही. नुसतं ऐकायचं! पाटलांच्या सूनबाईंचा हात हातात घेऊन येसूनं सुरुवात केली.

“काय झालं वहिनी, एका घरात सासूची मोत्यांची नथ होती. रात्री घरात तिघंच. सासू, सून, आणि घोरत पडलेला मुलगा. सकाळी बघतात तर नथ गायब! सासू म्हणते, सुनेनं माहेरी धाडली. सून म्हणते, सासूनंच लेकीला दिली आणि आळ घेतला माझ्यावर! तुम्हाला काय वाटतं?”

“सासूनंच दिली असणार!” सूनबाई पटकन बोलून गेल्या.

“काय म्हणालीस?” आतून पाटलीणबाई पळी घेऊनच बाहेर आल्या. “अगं, सुनेचीच करणी ती! मला विचार!”

येसूनं शेवटची बांगडी चढवली आणि टोपली आवरली.

“अगं, पुढं काय झालं?” दोघी एकदम ओरडल्या.

“पुढचं पुस्तकात आहे, आणि पुस्तक महाराजांच्या कोठीत!”

झालं! येसू घरोघर फिरली आणि घरोघर ठिणगी पडली. सगळ्या सासवा एकीकडे, सगळ्या सुना दुसरीकडे. पाणवठ्यावर घागरी आपटल्या, कढईतल्या चकल्या करपल्या. पुरुषांनी मध्ये तोंड घातलं की दोन्हीकडून बोलणी खाल्ली!

शेवटी येसू राजवाड्यात गेली. राणीसाहेबांनी बांगड्या भरल्या, आईसाहेब शेजारी बसल्या होत्या. त्या दुपारी राजे जेवायला बसले तर समोर नुसता पाट. ताटाचा पत्ता नाही!

“आधी सांगा, नथ कोणी चोरली?” राणीसाहेब म्हणाल्या.

“आणि नीट विचार करून सांग हो, भैरोजी!” आईसाहेबांनी बजावलं.

राजे उपाशीपोटी दरबारात पळाले. मागोमाग दोघी न्याय मागायला हजर! त्यांच्या मागे गावातल्या बायकांनी चौक भरून गेला.

राजांना घाम फुटला. आईच्या बाजूनं बोलावं तर राणी रुसणार, राणीच्या बाजूनं बोलावं तर आई!

“महाराज, या भाकडकथेचा कसला न्याय?” शास्त्रीबुवा म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा!” सासू-सुना पहिल्यांदाच एका सुरात बोलल्या.

“पुराव्याशिवाय मी निवाडा देत नाही!” राजे गरजले. “लिहिलंय ना सगळं पुस्तकात? मग कुठाय ते पुस्तक? मला ते पुस्तक पाहिजे, आत्ताच्या आत्ता!”

येसू पुढे आली आणि तिनं वाकून मुजरा केला.

“महाराज, भरदरबारात मागितलंत! दवंडी नाही पिटली, स्तुतीचा एक शब्द नाही. मी फक्त विचारलं, नथ कोणी चोरली?”

राजांनी कपाळावर हात मारला. “फसवलंस की गं!” पण राग कसला येतोय, त्यांनाही शेवट हवाच होता! कोठी उघडली, प्रत आली. राजांनी थेट शेवटचं पान काढलं, आणि त्यांच्या मिश्या थरथरू लागल्या.

तुम्हाला म्हणून सांगते, कुठं बोलू नका हं. नथ सासूनं नेली नव्हती, सुनेनंही नाही. ती नेली होती घोरण्याचं सोंग घेतलेल्या त्या मुलानं, पत्त्यांच्या डावात लावायला!

“कोणी चोरली?” आईसाहेब आणि राणीसाहेब एकदम म्हणाल्या.

“येसू, आता काय सांगू?” राजे कुजबुजले. “खरं सांगितलं तर दोघी मिळून माझ्याकडेच बघतील!”

“सांगूच नका, महाराज. म्हणा, ज्यानं त्यानं आपापली प्रत घेऊन वाचावी. तोवर आपण जेवून घ्या!”

राजे खदाखदा हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले! त्यांनी तसाच हुकूम सोडला, आणि कोठीसमोर अशी झुंबड उडाली की शास्त्रीबुवांचं पागोटं त्या गर्दीत कुठं गेलं ते कळलंच नाही.

“शाब्बास! माग, काय मागतेस?”

“दर दिवाळीला नव्या लिहिणाऱ्यांना दरबारात उभं करा, महाराज. प्रत्येकाला गोष्ट सांगू द्या. पण अर्धीच!”

“दिलं! आणि उरलेली अर्धी?”

“ती विकत घ्यायची, महाराज!”