निळ्या विमानाच्या झडपा

माळावरच्या धावपट्टीवर अजून गुरं चरत, तेव्हाची ही गोष्ट. तिथे हौशी मालकांची दोन विमानं होती, थोरलं निळं आणि धाकटं पिवळं. एकदा शिसं नसलेलं नवं पेट्रोल आलं. जुन्या पेट्रोलमधल्या शिशाच्या धुराने पिल्लं गमावलेली टिटवी म्हणाली, "दादांनो, आता हेच भरा."

"तुला काय कळतं?" निळं फणकारलं. "शिशाशिवाय माझ्या इंजिनातल्या झडपा झिजतील. डोंगरावर इंजिन बंद पडलं, तर तू झेलशील मला?"

पिवळ्याने मुकाट्याने नवं पेट्रोल भरलं आणि ते रोज दोन जिल्हे ओलांडून परत येऊ लागलं. निळं मात्र जुनंच पेट्रोल पिऊन दर रविवारी जागेवरच घरघरत धूर सोडी आणि झडपांवर भाषण देई. त्या धुरात टिटवीची आणखी दोन पिल्लं गेली.

वर्षाने मेकॅनिक इस्माईलभाई तपासणीला आले. पिवळ्याच्या झडपा ठणठणीत निघाल्या. निळ्याचं इंजिन उघडून मात्र त्यांनी कपाळाला हात लावला.

"अरे, तू वर्षभर उडालंच नाहीस. जागेवर घरघरून आतून गंजलंस."

निळं घाबरलं. "मग आता कुठलं पेट्रोल भरू?"

"तुला पेट्रोल कशाला?" इस्माईलभाई म्हणाले. "घासलेट आणतो, गंज पुसायला."