एका शब्दाने तडकलेली घंटा

पूर्वी शुक्तिमती नदीकाठच्या नगरात राजा विजितसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व धातू ओतून वस्तू घडवणाऱ्या ओताऱ्यांच्या कुळात जन्मला आणि भद्रक या नावाने त्यांचा प्रमुख झाला. हिवाळ्यात त्या नदीवर असे धुके उतरे की नावाड्यांना काठ सापडत नसे. मागल्या वर्षी एक भरलेली नाव खडकावर फुटली आणि माणसे गेली. म्हणून राजाने घाटावर टांगायला मोठी घंटा मागवली.

एवढे कासे एका भट्टीत वितळेना, म्हणून दोन भट्ट्या पेटवल्या. एकीवर भद्रकाचा कारागीर चंडक, दुसरीवर त्याचा जोडीदार निभृत. दोन्हींचा रस एका दमात साच्यात पडला पाहिजे, नाहीतर मध्ये सांधा राहतो.

"निभृता, झालं का रे?" चंडक ओरडला.

"झालंच!" निभृत म्हणाला.

झाले! चंडकाने मूस ओतली. निभृत मात्र अजून रस पारखतच होता. घंटा निवल्यावर ठोकली, तर फुटक्या मडक्यासारखी वाजली.

अमात्य विरोचन संतापला. तो भद्रकाला म्हणाला, "या लोकांना नगराबाहेर काढतो. तुला माझी आज्ञाधारक माणसे देतो आणि राजशिल्पीचे पदही देतो."

"पद नको. पुन्हा चुकलो तर यांच्याबरोबर मीही नगर सोडीन," बोधिसत्त्व म्हणाला.

मग त्याने दोघांना समोर बसवले. "झालंच म्हणजे काय रे?"

"म्हणजे झालं! ओता!" चंडक म्हणाला.

"छे! म्हणजे आता होईल. तीनदा पारखायचं तेवढं राहिलंय," निभृत म्हणाला.

साचा घडवणारी कुवलया खुदकन हसली. ती सहसा तोंड उघडत नसे. "मला ज्वाळेच्या रंगावरून कळलं होतं, याची भट्टी मागे आहे," ती हळूच म्हणाली.

"मग बोलली का नाहीस, बाई?" चंडक म्हणाला.

"तुम्ही दोघं बोलत होता ना."

बोधिसत्त्वाला असा आनंद झाला की तो उठून उभाच राहिला! त्याला सगळे लख्ख दिसले. तो म्हणाला, "चंडका, तुला दम निघत नाही, पण ओतताना तुझा हात कधी कचरत नाही. दोन्ही मुशी तू आणि तुझे गडी मिळून ओता. निभृता, तुझी शंका संपत नाही. दोन्ही भट्ट्या तूच पारख. आणि कुवलये, तू लाल वस्त्र धरून उभी राहा. ते खाली येईपर्यंत कोणी हलायचे नाही आणि बोलायचे तर मुळीच नाही."

दुसऱ्या ओतणीला सारे नगर लोटले. निभृताने एकदा पारखले, दोनदा पारखले. चंडक मुशीपाशी सज्ज उभा होता. "रस वाया चाललाय, ओत की!" विरोचन ओरडला. चंडकाने ओठ चावला, पण नजर वस्त्रावरून काढली नाही. आपण थांबू शकतो, हे त्याला जन्मात पहिल्यांदा कळत होते. निभृताने तिसऱ्यांदा पारखून मान डोलावली. कुवलयेने ज्वाळा पाहिली आणि वस्त्र खाली आले. दोन्ही धारा एकदम सुटल्या!

आठ दिवसांनी दाट धुके पडले. पलीकडच्या गावाहून बाजाराला निघालेल्या अकरा नावा मध्येच अडकल्या. तिघांनी मिळून दोर ओढला आणि घंटेचा नाद पाण्यावर दूरवर गेला. एकेक नाव धुक्यातून पुढे येऊ लागली. आणि जिचा आवाज कोणी धड ऐकला नव्हता, ती कुवलया घाटावर उड्या मारीत ओरडत होती, "अकरा! अकराही आल्या!"

विहाराचे छप्पर शाकारताना भांडून अबोला धरलेल्या दोन भिक्खूंना शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "तेव्हाचा चंडक म्हणजे हा वप्पिल, निभृत म्हणजे हा सोमदत्त, कुवलया म्हणजे तुमचे भांडण मुकाट्याने पाहणारी ही भिक्खुणी उत्पला आणि भद्रक मी. ज्याचा जो स्वभाव, तो ओळखून त्याच्यावर विसंबणे, ही प्रज्ञापारमिता, प्रज्ञेची परिपूर्णता, मी त्या भट्टीपाशी शिकलो."