खोबरेलाचा संशय

फार पूर्वी, स्वयंपाकघरातल्या वस्तू एकमेकींशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. केरळातल्या एका घरात अम्मिणी कच्च्या केळ्यांचे वेफर्स तळायला बसली होती. चुलीवर कढईत खोबरेल तापत होतं. शेजारच्या वाटीत हळद-मिठाचं पाणी होतं.

"ही वाटी इथे कशाला?" खोबरेलाने झाऱ्याला हळूच विचारलं.

"तुझ्यात ओतायला," झारा कुजबुजला. "तापल्या तेलात पाणी! ते तुझा घातच करणार, बघ."

खोबरेल धास्तावलं. केळ्याच्या चकत्या आत पडल्या, तरी त्याचं लक्ष वाटीवरच होतं.

"खरं बोल, तू माझ्यात कशाला येतंयस?" त्याने दरडावलं.

"चकत्यांना मीठ पोचवायला," पाणी म्हणालं. "मीठ तुझ्यात एकटं विरघळत नाही."

"गोड बोलणाऱ्यांवर माझा भरवसा नाही!"

इतक्यात अम्मिणीने चमचाभर पाणी कढईत सोडलं. खोबरेल चवताळलं, तडतडत पाण्यावर तुटून पडलं. पाण्याने प्रतिकार केला नाही. थोड्या वेळाने तडतड थांबली.

अम्मिणीने वेफर्स उपसले, एक चाखला. कुरकुरीत झाला होता आणि मीठ आतपर्यंत मुरलं होतं. "व्वा!" ती म्हणाली.

खोबरेलाने पाण्याला हाक मारली. पण कढईत पाणी उरलंच नव्हतं. छताकडे थोडी वाफ जात होती.

"गेली एकदाची पीडा," झारा म्हणाला.

"गेलं खरं," खोबरेल म्हणालं, "पण म्हटल्याप्रमाणे मीठ पोचवून गेलं. जाताना त्याने माझं काय नेलं, ते सांग."