तुळसाचा डावा कान

गायरानात प्रत्येक म्हशीचा आपला एक बगळा असायचा आणि कुणाच्या पाठीवर कोण बसतं हे सगळ्यांना ठाऊक असायचं, तेव्हाची ही गोष्ट. तुळसा म्हशीचा बगळा म्हणजे म्हातारे नाना. ते सावकाश एकेक गोचीड टिपायचे आणि तोंडानं चौकशा चालूच. "डावा कान काल ठणकत होता, आज कसा आहे? रेडकू पितं का नीट?" तुळसा रवंथ करत सगळं सांगायची. दुपार कशी सरायची, कळायचंही नाही.

मग साळुंक्यांचा थवा आला. "म्हातारा दिवसभर एकच पाठ उगाळत बसतो, बाई! आम्ही चुटकीसरशी करू."

तुळसाला मोह पडला. "उद्यापासून साळुंक्या येतील, नाना," ती चाचरत म्हणाली. "बरं, येते मी."

"ये हो," नाना म्हणाले.

साळुंक्यांनी पाठ खरंच लख्ख केली. पण एक गोचीड कानात खोल शिरली, तेव्हा "कानाचं आमच्याकडे नाही. जातो आम्ही!" म्हणत त्या भुर्रकन उडाल्या. कान सुजला, चरणं सुटलं, रेडकाला दूध पुरेना.

शेवटी मान खाली घालून ती तळ्यावर गेली. नाना एकटेच उभे होते.

"तुम्ही आता दुसरी म्हैस धरली असेल ना, नाना?"

"कशी धरणार? 'जाते' म्हणाली असतीस, तर धरली असती. तू तर 'येते' म्हणालीस."

नाना उडून तिच्या शिंगावर बसले.

"वाक जरा. डावाच ना?"