पन्नास पोपटांचा खोकला

सागाच्या एका जंगलात एक हरिणी आपल्या पाडसाला घेऊन राहत असे. तिथला राजा होता बिबट्या. तो शिकारीला निघाला की झाडावरचा वानर ओरडायचा, खालची हरणं पळायची आणि राजेसाहेब पंजे चाटत बसायचे. शेवटी राजाने कोल्ह्याला कारभारी नेमलं. कोल्हा म्हणजे महावस्ताद, बरं का मुलांनो! त्याने लगेच हुकूम काढला, "ओरडण्याने जंगलात घबराट पसरते. यापुढे ज्याला ओरडायचं असेल त्याने आधी माझी परवानगी घ्यावी. विनापरवाना ओरडेल त्याला झाडावर राहता येणार नाही."

उन्हाळ्यातल्या एका सकाळी वानराला पाणवठ्याजवळच्या गवतात ठिपके दिसले. तो बिचारा नियमाने चालणारा. धावत कोल्ह्याकडे गेला. "ठिपके म्हणजे बिबट्याच कशावरून?" कोल्हा नेहमीसारखा खोकत म्हणाला. "तपासून बघतो. संध्याकाळी ये." वानर परत येऊन तोंड मिटून फांदीवर बसला. त्याला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण खालून हरिणी पाण्याकडे निघाली होती आणि तिचं तहानलेलं पाडस तिच्याही पुढे धावत होतं.

तेवढ्यात एक पोपट म्हणाला, "महाराजांची आज एकादशी आहे. खोक् खोक्. पाणवठ्यावर खुशाल या." पुढच्या झाडावरचा पोपटही तेच म्हणाला. मग दहावा, मग पन्नासावा. "इतके जण सांगताहेत म्हणजे खरंच असणार," असं म्हणत हरिणीने पावलं उचललीसुद्धा. पण पाडसाला हसू फुटलं. "आई, सगळ्या पोपटांना खोकला झालाय. आणि येतो तो 'एकादशी आहे' म्हटल्यावरच!"

हरिणी जागीच थबकली. असं खोकत बोलायची सवय अख्ख्या जंगलात एकट्या कोल्ह्याला होती. पोपटांना शिकवताना तो खोकला असणार आणि त्या शहाण्यांनी खोकलाही पाठ केला होता. तिने वर पाहून विचारलं, "वानरदादा, तू का रे गप्प?"

"खड्ड्यात गेली ती परवानगी," म्हणत वानर असा काही ओरडला, की पाठोपाठ टिटवी ओरडली, मोर ओरडला, सांबरही ओरडलं. बिबट्याला गवतातून उठावंच लागलं. चोरून झडप घालणाऱ्याला सगळ्यांनी पाहिलं की त्याचं काही चालत नाही. तो मुकाट्याने डोंगरापलीकडे निघून गेला. पाडस पोट टम्म होईपर्यंत पाणी प्यायलं, आणि त्याच्या आईला इतका आनंद झाला की तिने आधी त्याला चाटलं आणि मग खाली उतरलेल्या वानराला.

कोल्हा धापा टाकत आला. "विनापरवाना कोण ओरडलं?"

"आम्ही सगळे," टिटवी म्हणाली. मग सगळं जंगल हसत सुटलं, आणि हसण्यावर बंदी घालायला कोल्हा विसरला होता.

तात्पर्य : पन्नास तोंडांनी एकच गोष्ट सांगितली तरी शिकवणारं तोंड एकच असू शकतं, मग ती तोंडं झाडावरची असोत की मोबाइलमधली, आणि कोणी ओरडायला बंदी केली, तर त्या बंदीने कोणाचं पोट भरतं ते आधी पाहावं.