सुकाणूवरचा हात

होड्या शिडांवर चालत आणि लाकडंही बोलत, त्या काळात वसईच्या किनाऱ्यावर बस्त्याव तांडेलची एक होडी होती. तिचं सुकाणू सदा पाण्यात, त्याला पुढचं काही दिसत नसे. प्रत्येक वळणाला ते उंच डोलकाठीला विचारी, "आता का वळायचं?"

"ते बस्त्यावला ठाऊक," डोलकाठी म्हणे.

एका सकाळी मासे घेऊन परतताना वारा पिसाळला. डोलकाठी ओरडली, "चर्चचा क्रूस दिसतोय! घर समोरच आहे!" पण बस्त्याव सुकाणू खोल समुद्राकडे वळवू लागला. "समोर घर असताना तिकडे कशाला?" म्हणत सुकाणू ताठ झालं. होडी सरळ गेली आणि पाण्याखालच्या खडकाला घासली. फळी उचकटून पाणी आत आलं.

धाकटा भाऊ सांतान पाणी उपसत म्हणाला, "दादा, आता काय रे?"

बस्त्यावचा हात थरथरत होता. तो पुटपुटला, "देवा, होडी तुझी, आम्हीही तुझेच. तू नेशील तिकडे."

हात शांत झाला. सुकाणूला नवल वाटलं. हासुद्धा कुणाचं तरी ऐकतो? ते सैल पडलं आणि हात नेईल तसं वळत गेलं. खडकांना लांबचा वळसा घालून होडी किनाऱ्याला लागली.

"बस्त्यावच्या हातावर कुणाचा हात होता?" सुकाणूने डोलकाठीला विचारलं. "तुला वरून दिसला असेल."

"दिसला नाही बाई," डोलकाठी म्हणाली. "पण थरथर थांबली, ते तुलाच आधी कळलं ना?"