डोहावरची घंटा

"म्हणजे झालं की नाही, माई? एवढंच सांगा."

माई पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"काय झालं का?"

"तुम्हीच म्हणाला होता. खडस वाचव, मग तू मोकळा. वाचले की! डोह भरलाय नुसता."

"हं…"

रंगनाथ उभाच राहिला. उत्तर मिळाल्याशिवाय आज तो बसणार नव्हता.

नदीच्या काठावर माईंचा तो लहानसा मठ होता, आणि मठाच्या पायऱ्यांखाली खोल डोह. डोहात पूर्वी खडस जातीचे मोठमोठे मासे असत. सोनेरी अंगाचे, तळहाताएवढ्या खवल्यांचे. मग लोक पाण्यात सुरुंग उडवू लागले. मासे संपत आले. उरले ते हाताच्या बोटांवर मोजावेत इतके.

त्याच सुमारास रंगनाथ मठात आला होता. नदीच्या उगमाजवळ एक जुनी मठी ओस पडली होती. तिथे आपण बसावं, लोकांना चार गोष्टी सांगाव्यात, अशी त्याची फार इच्छा. वरच्या गावची माणसंही त्याला बोलवत होती. पण माईंनी हे काम त्याच्या गळ्यात घातलं आणि तो अडकला.

काम मात्र त्याने मनापासून केलं. सुरुंगवाल्यांशी भांडला. खालच्या वाडीतल्या भोयांच्या घरी जाऊन बसला, त्यांच्याबरोबर जेवला. शेवटी सगळ्यांनी मिळून एक नियम ठरवला. मठाची घंटा जिथवर ऐकू येते, तिथवर कुणी जाळं टाकायचं नाही. घंटा ऐकू यायची काठावरच्या जांभळीपर्यंत. जांभळीच्या अलीकडे मासे मठाचे, पलीकडे ज्याच्या हाताला लागतील त्याचे.

नियम पाळला गेला. मासे वाढले.

"चला, दाखवतो," रंगनाथ म्हणाला.

माईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

पायरीवर उभं राहून रंगनाथने घंटा वाजवली. पाणी एकदम उकळल्यासारखं झालं. मासेच मासे. एकमेकांच्या पाठीवर चढणारे, तोंडं वासून वर आलेले. त्याने ज्वारीच्या लाह्या फेकल्या, त्या पाण्याला टेकायच्या आधीच संपल्या. एक मोठी मादी, शेपटीला खाच असलेली, थेट त्याच्या बोटांना येऊन भिडली.

"ही थोरली," तो म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला होता. "माझा हात ओळखते."

पायऱ्यांवर दर्शनाला आलेली दोन-चार माणसं होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

माई पाहत राहिल्या.

"छान आहेत रे. गुबगुबीत आहेत."

"मग?"

"पावसाळ्यात वर जातात का अंडी घालायला? पूर्वी जायचे. वरच्या गोट्यांच्या पाण्यात."

"कशाला जातील, माई? इथे पोटाला मिळतंय."

माईंनी नदीच्या खालच्या अंगाला पाहिलं.

"जाऊ ना मी आता? चैत्रापर्यंत मठी शाकारून घेतली की पावसाळ्याआधी—"

"जरा जांभळीपर्यंत येतोस माझ्याबरोबर?"

दोघं काठाकाठाने निघाले. माई हळू चालत होत्या. वाटेत त्यांनी एकदा थांबून पायातला काटा काढला, एकदा नुसतंच पाणी पाहिलं. रंगनाथ पुढे जायचा, थांबायचा, मागे वळायचा.

जांभळीच्या पलीकडे नदी उथळ होती. तिथे वाडीतली चांगुणा भोईण आपली म्हैस धूत होती. खांद्यावर जाळं, तेही कोरडं. माईंना पाहून तिने पदर सावरला. रंगनाथला पाहून हसली.

"या, बुवा. आज पायऱ्या सोडून खाली आलात?"

"माईंनी आणलं."

"चांगुणा," माई म्हणाल्या, "परवा मला सांगत होतीस ते यालाही दाखव."

चांगुणाने रंगनाथकडे पाहिलं. मग माईंकडे. "राहू द्या की माई. त्यांना वाईट वाटंल."

"वाटू दे."

चांगुणाने म्हशीच्या गळ्यातली घंटा धरली आणि जोराने हलवली.

थोडा वेळ काही झालं नाही. म्हशीने शेपटी मारली, रंगनाथच्या धोतरावर पाणी उडालं.

मग डोहाच्या अंगाने पाण्यावर एक रेघ उठली. तिच्यामागे दुसरी. मग कितीतरी. जांभळीची सावली ओलांडून मासे उथळ पाण्यात आले, म्हशीच्या पायांत घुटमळू लागले. पाठी पाण्याबाहेर, तोंडं उघडी.

सगळ्यांत पुढे शेपटीला खाच असलेली.

रंगनाथ आधी हसला. "बघा, बघा, कसे—"

आणि थांबला.

चांगुणाने वाकून थोरलीच्या पोटाखाली दोन्ही हात घातले. मासा हलला नाही. तिने तो पाण्याबाहेर उचलला, लेकरासारखा धरला आणि परत सोडला.

"जाळं काढायचंसुदिक काम नाही, बुवा. आणि जांभळीच्या या अंगाला आहेत, म्हणजे आमचेच. नियम मोडत नाही आम्ही."

"तू… तू धरलेस का?"

"मी नाही धरले."

"का?" हे माईंनी विचारलं.

चांगुणा लाजली. "धरायला काही करावं तर लागतंय का? ओटीत येऊन पडलेला मासा. घरी नेऊन सांगू काय, की मी मारला? माझी सासू हसंल मला." मग तिचा चेहरा उतरला. "पण माझ्या दिराला काही लाज वाटायची नाही. अजून त्याला ठाऊक नाही, एवढंच."

रंगनाथ मटकन दगडावर बसला. धोतर आणखी भिजलं. त्याचं लक्ष नव्हतं.

"वाडीत सांगतो," तो म्हणाला. "म्हशींच्या गळ्यातल्या घंटा काढायला लावतो. आजच."

"आणि शाळेची?" चांगुणा म्हणाली. "पोळ्याला बैल आले तर? देवळात आरती झाली तर? आमच्या जाळ्याला मठाचीच घंटा कळती, बुवा. तुमच्या माशांना सगळ्याच."

तिने हे चिडवायला म्हटलं होतं. पण म्हणून झाल्यावर तिने म्हशीच्या गळ्यातली घंटा हाताने धरून ठेवली.

रंगनाथ माशांकडे पाहत होता. ते अजून तिथेच होते. लाह्यांची वाट पाहत…

"मग मी काय करू, माई?"

माईंनी काठावरचं मूठभर गवत उपटलं. पाण्यात बुडवून त्याचा बोळा केला. म्हशीजवळ गेल्या, तिच्या गळ्यातली घंटा उलटी धरली आणि बोळा आत कोंबला.

मग घंटा हलवून पाहिली. आवाज आला नाही.

"चल," त्या म्हणाल्या. "शेंगा राहिल्यात सोलायच्या."



दुसऱ्या दिवशी रंगनाथने मठाच्या घंटेच्या लोलकाला फडकं गुंडाळून घट्ट बांधलं. लाह्यांचं पोतं माळ्यावर टाकलं.

मासे मात्र वेळेवर आले. घंटा नसतानाही आले. पायरीशी तोंडं वर काढून थांबले.

रंगनाथ पाठ करून बसला.

त्याला वाटलं होतं, सुरुंगवाल्यांशी भांडणं हेच काय ते अवघड. हे त्याहून अवघड निघालं. पाठीमागे पाण्याचा चुळचुळ आवाज, आणि हात मांडीखाली दाबून धरलेले.

दर्शनाला येणारी माणसं कुरकुरू लागली. एक बाई म्हणाली, "पूर्वीचे बुवा प्रेमळ होते हो." बुवा तेच होते.

चांगुणा येऊन विचारून गेली. "घंटा बंद, मग जाळं कुठवर टाकायचं नाही?"

रंगनाथ गोंधळला. याचा त्याने विचारच केला नव्हता.

"तूच सांग, चांगुणा," माई आतून म्हणाल्या.

"जांभळी काय घंटेबरोबर चालत गेली?" चांगुणा म्हणाली. "आहे तिथंच आहे की. दिराला मी बघते." आणि निघून गेली.

उन्हाळ्यात वरच्या गावची माणसं आली. मठी शाकारून ठेवली होती त्यांनी, अंगण सारवलं होतं.

"कधी येताय, बुवा?"

"ते विसरले की."

"कोण विसरले की?"

"मासे."

"काय विसरायचंय त्यांनी?"

"मला."

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. ताक पिऊन निघून गेली. वाटेत नक्की बोलली असतील काहीतरी.

हळूहळू पायरीशी येणारे मासे कमी झाले. गुबगुबीतपणा गेला. ते दगडांवरचं शेवाळ खरवडू लागले, काठावरच्या उंबराची पडलेली फळं झेलू लागले. थोरली मात्र शेवटपर्यंत येत राहिली. एकटीच यायची. खाच असलेली शेपटी हलवत थांबायची आणि जायची.

त्या दिवसांत रंगनाथ जेवत नसे नीट.

"उपास आहे का रे?" माईंनी एकदा विचारलं.

"नाही."

"मग खा. तिला उपाशी ठेवलेलं नाहीस तू."

मग नदीला पूर आला. पाणी मातकट झालं, पायऱ्या बुडाल्या. डोहात काय चाललंय ते कुणालाच दिसेना. रंगनाथ ओसरीवर बसून त्या लाल पाण्याकडे पाहत राहायचा. आपण वाचवलेले मासे आपणच घालवले, असं त्याला रोज एकदा तरी वाटायचं. माईंना ते त्याने सांगितलं नाही. माईंनी विचारलंही नाही. त्या पोथी वाचायच्या, नाहीतर गोधडीला टाके घालायच्या.

आश्विनात पाणी निवळलं.

एका सकाळी रंगनाथने लोलकाचं फडकं सोडलं. माळ्यावरच्या जुन्या लाह्यांना वास लागला होता, म्हणून त्याने नव्या भाजल्या. पांढऱ्याशुभ्र फुलल्या. टोपली भरून तो पायऱ्या उतरला. मागून माई आल्या, शेवटच्या पायरीवर टेकल्या.

तेवढ्यात चांगुणा वरच्या अंगाने आली. डोक्यावर गवताचा भारा. माहेराहून परत येत होती.

"अहो बुवा, वर गोट्यांच्या पाण्यात गेला होतात का कधी?"

"नाही. का?"

"पिल्लांनी भरलंय नुसतं. एवढी एवढी, बोटाच्या पेरासारखी. पाय घातला की सुळकन पळतात. माझ्या आईनं दात पडल्यापास्नं तिथं खडसाचं पिल्लू बघितलं नव्हतं." तिने भारा सावरला. "धरायला गेले तर एकसुद्धा गावलं नाही मेलं!"

ती हे फार आनंदाने म्हणाली. मग टोपलीकडे तिचं लक्ष गेलं आणि ती तिथेच थांबली.

रंगनाथने घंटेला हात घातला.

त्याने घंटा वाजवली.

आवाज पाण्यावरून गेला, जांभळीपर्यंत गेला आणि विरला.

पाणी हललं नाही.

त्याने पुन्हा वाजवली. मूठभर लाह्या फेकल्या. त्या पाण्यावर पसरल्या आणि तरंगत राहिल्या. स्वच्छ पाण्यात खाली, कपारीशी, सावल्या दिसत होत्या. पुष्कळ होत्या. सगळ्यांची तोंडं प्रवाहाकडे.

एक सावली सुटली. वर आली… आणखी वर. शेपटीची खाच दिसली.



थोरली अर्ध्या पाण्यापर्यंत आली. तिथे क्षणभर थांबली. पायरीवर त्याची सावली हलली मात्र, थोरली झर्रकन वळली आणि खाली अंधारात गेली.

लाह्या एकेक करून वाहत निघाल्या.



"माई," रंगनाथ म्हणाला, "एकही आला नाही."

हे म्हणताना तो हसत होता, आणि डोळे पुसत होता.

माईंनी टोपलीतली एक लाही तोंडात टाकली. सावकाश चावली. मग आपल्या खांद्यावरचं उपरणं काढलं, पायरीवर पसरलं आणि टोपली त्यावर उपडी केली. चारी टोकं उचलून गाठ मारली. गाठोडं त्याच्या हातात दिलं.

"खुसखुशीत झाल्यात. वाटेत खायला होतील."